नाझर काकांचा तिसरा पुकारा

आमच्या घरमालकांच्या फाटकातून आत जायचं तर आधी स्वतःचं नाव पुकारून घ्यावं लागायचं. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू, दिवसभर त्याच ओसरीतून ये-जा करणारी, पण मलाही सुटका नव्हती. फाटकाची कडी वाजली की लोखंडी खुर्चीतून, उघड्या पेपरामागून आवाज यायचा, "वरच्या मजल्याच्या मॅडम हाजिर हैऽऽ?" माझ्या एका हातात भाजी, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, डोक्यावर अंबडचं ऊन. "हाजिर" म्हटल्याशिवाय पेपर खाली यायचा नाही. मग चष्म्यावरून एक नजर आणि ठरलेला प्रश्न, "उशीर कामून झाला?" अहो, कशाचा उशीर! कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेल्ते मी! पण उत्तर द्यावंच लागायचं. चप्पल तुटली म्हणा, गाय आडवी आली म्हणा, काहीही चालायचं. उत्तर मिळालं की मान डोलवून म्हणायचे, "हजेरी लागली. पुढं चला."

आणि ओ नाही दिली तर? एकदा गॅसवाला नवीन होता. भरलेली टाकी खांद्यावर घेऊन तो ओसरीच्या पायरीशी उभा, आणि हे पुकारतायत, "गॅसवाला हाजिर हैऽऽ?" त्याला वाटलं म्हातारबा थट्टा करतोय, तो नुसता हसला. तीन पुकारे झाले. "गैरहजर," काकांनी निकाल दिला आणि पेपर वाचायला लागले. "अहो बाबा, मी समोर उभा हाय ना!" गॅसवाला ओरडला. काका शांतपणे म्हणाले, "समोर उभं राह्यल्यानं हजेरी लागत न्हाई. पुकारल्यावर ओ द्यावी लागती." गॅसवाला चिडून टाकी परत घेऊन गेला. टाकी माझी होती! त्या दिवशी मी विजेच्या शेगडीवर पिठलं केलं, आणि पिठल्यापेक्षा जास्त मीच उकळत होते.

गल्ली त्यांना नाझर साहेब म्हणायची, मी नाझर काका. अंबडच्या कोर्टात शिपाई म्हणून लागले, दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारली, आणि पायरी पायरी चढत नाझर होऊन निवृत्त झाले. म्हणजे सगळे बेलीफ ज्यांच्या हाताखाली, ते. पण नाझरकीबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. त्यांचा जीव होता तो पुकाऱ्यात. "पोरी, माझा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा," असं सांगताना त्यांची छाती अजून फुगायची. जज्जसाहेब येतात, बदलून जातात. पण पुकारल्याशिवाय कोर्टात कुणाचं पाऊल पडत नाही, आणि पुकारलं की कुणाला घरी बसता येत नाही. सगळं जग त्यांनी ह्या दोन नियमांत बसवलेलं होतं.

काकू आम्ही राहायला यायच्या आधीच गेलेल्या. मुलगा संदीप बेंगळुरूला. त्याच्याशी काकांचा अबोला होता. काकूंच्या वर्षश्राद्धाला तो आला, "आता तुम्ही एकटे राहायचं नाही, माझ्याकडं चला" म्हणाला, शब्दाला शब्द वाढला. जाताना ओसरीत एक नवा बल्ब बसवून गेला, तेवढीच त्याची आठवण. बल्ब कसला, पांढरा, जाडजूड, मान वाकडी केलेला टकल्या. उजेड इतका मरतुकडा की खालचा माणूस दिसायचा, पेपरातलं अक्षर दिसायचं नाही. काका संध्याकाळी रोज त्याला शिव्या घालायचे. "ना उजेड, ना रूप! ज्यानं बसवला त्याच्यावानीच हाय." मी म्हटलं, अहो, मग बदलून टाका की. तर माझ्यावरच डोळे वटारले. बटणावर चिकटपट्टी लावलेली होती, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. आणि संदीपचा फोन आला की काका मोबाईल पालथा ठेवायचे आणि वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत बसायचे.

आता माझं सांगते. लग्नानंतर कितीतरी वर्षं आमचा संसार एसटीत झाला. आमचे हे भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला झेडपीच्या शाळेत. मी पुण्यात कंपनीत. शनिवारी एकजण बसमध्ये, रविवारी दुसरा बसमध्ये. मग ह्यांची बदली अंबडजवळ झाली, मला कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, आणि आम्ही एका छपराखाली आलो. सकाळी दोघांनी बसून चहा प्यायचा, ह्याचं मला इतकं कौतुक होतं की काय सांगू! आणि अशात कंपनीची मेल आली. माझं काम दवाखान्यांची बिलं तपासायचं, म्हणजे रुग्णांची माहिती हाताखालून जाणार. तेव्हा घरचं नेटवर्क सुरक्षित आहे हे व्हिडिओ कॉलवर दाखवा. पासवर्ड, फायरवॉल, व्हीपीएन, जोडलेल्या प्रत्येक यंत्राची ओळख, सगळं तपासलं जाईल. नाहीतर पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात या. मेल वाचून मी आधी एसटीचं वेळापत्रक काढून बघितलं.

कारण नेटवर्क माझं नव्हतंच. अख्ख्या घराला एकच कनेक्शन, आणि राउटर खाली काकांच्या मधल्या खोलीत, देवघराच्या फळीवर. त्याला काकूंनी लोकरीचं झबलं विणून घातलेलं. वर दसऱ्याची झेंडूची माळ, वाळून कडक झालेली. झबल्यात घुसमटून बिचारं तापानं फणफणायचं. आणि पासवर्ड? काकूंनी ठेवलेली त्यांच्या लग्नाची तारीख. काकू असताना कुणी विरजणाला आलं तर विरजण द्यायच्या, पासवर्डला आलं तर पासवर्ड. नाही म्हणायची आमच्या गल्लीत रीतच नाही. अख्ख्या गल्लीला काका-काकूंच्या लग्नाची तारीख पाठ होती, स्वतःच्या लग्नाची आठवत नसली तरी.

मी खाली जाऊन काकांना सगळं समजावलं. व्हीपीएन म्हणजे माझ्या लॅपटॉपपासून पुण्याच्या ऑफिसपर्यंत झाकलेला रस्ता, मधल्या कुणाला आतलं दिसत नाही.

"म्हंजे मोहोरबंद पेटी!" काका म्हणाले. "मुद्देमाल पाठवतो तशी. बराबर. अन् ते दुसरं?"

"फायरवॉल. बाहेरून कुणी न बोलावता आत यायला लागलं की ते अडवतं."

काका खुर्चीतून उठलेच. "म्हंजे पुकारल्याबिगर आत न्हाई?"

"हां, तसंच."

"अन् हे ह्या डब्यात हाय? आत्ता हाय?"

"आहे, पण पार ढिल्या सेटिंगवर ठेवलंय."

"पहारेकरी ठेवला अन् झोपवून ठेवला!" काका असे ओरडले की समोरच्या मेडिकलमधून शेखभाई बाहेर आले. "माझ्या घरात! नाझराच्या घरात! पोरी, काढ ते झबलं. आजपासून हा मामला माझ्याकडं."

त्या दिवसापासून जो धडाका सुरू झाला! काका मोबाईलवर राउटरचे व्हिडिओ लावायचे ते कोर्टाच्या आवाजात. सकाळी मी पोळ्या लाटत असायची आणि खालून आरोळी यायची, "पोरी, फर्मवेअर अपडेट केलं का? जल्दी कर, चोर थांबून राह्यलेत!" राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, तो बदलला. बटण दाबून कुणालाही जोडणारी सोय बंद केली. फायरवॉल कडक केली, तेव्हा काकांनी नारळ फोडला. खोटं नाही सांगत, फोडला! खोबरं शेखभाईंच्या दुकानापर्यंत वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला माझी काळजी विसरायला व्हायचं. उभा जन्म ज्यानं दारात उभं राहून काढला, त्याला तसंच काम करणारं यंत्र घरातच सापडलं होतं.

मग आली यादीची पाळी. जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली आणि मी कपाळावर हात मारला. गल्लीतले झाडून सगळे मोबाईल तिथं. "टाका सगळे ब्लॉक करून," मी म्हटलं. काका म्हणाले, बिलकुल न्हाई. ओळख पटल्याशिवाय कुणावर हुकूम करता येत नाही. नळाला पाणी यायचा दिवस बघितला, म्हणजे गल्ली घरीच, आणि ओसरीत इजलास, म्हणजे कोर्टच, भरवला. माझा लॅपटॉप टेबलावर, काका इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात उभे, आणि पायरीखाली सगळी गल्ली आपापले मोबाईल घेऊन हजर. कुणी शेंगा खातंय, कुणी हसतंय, पण आलेत सगळे. पुकारल्यावर कोण घरी बसणार!

लोकांनी मोबाईलला काय काय नावं ठेवलेली! "आई तुझा आशीर्वाद हाजिर हैऽऽ?" तर दूधवाला पुढं. वाय-फाय बंद करून दाखवलं, यादीतून नाव गेलं, ओळख पटली. "किंग ऑफ अंबड हाजिर हैऽऽ?" कुणी हलेना. दुसरा पुकारा. तिसऱ्या पुकाऱ्याला इस्त्रीवाल्यांची म्हातारी आई काठी टेकत पुढं आली. नातवाचा जुना मोबाईल तिच्याकडं, ती त्यावर कीर्तन ऐकते. गल्ली हसून हसून लोळायची बाकी! काकांनी मात्र चेहरा हलू दिला नाही. "किंग ऑफ अंबड, उशीर कामून झाला?" म्हातारी म्हणाली, "गुडघे दुखून राह्यलेत रे बाबा." "हजेरी लागली. पुढं चला." ओळख पटेल तसा मी एकेक मोबाईल ब्लॉक करत गेले. कुणी रागावलं नाही, उलट आपला नंबर कधी लागतो म्हणून गर्दी पुढं सरकत होती.

शेवटी आमच्या घरातले मोबाईल उरले, टीव्ही उरला, माझा लॅपटॉप उरला, आणि एक बिननावाचं यंत्र उरलं. नुसती अक्षरं आणि आकडे. काकांनी पुकारलं, तीनदा पुकारलं, इतकं जीव तोडून की आवाज खरंच बसस्टँडला गेला असेल. कुणी ओ दिली नाही. काकांनी पाण्याचा घोट घेतला, गल्लीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "फरार!" त्यांचे डोळे असे चमकत होते की मला कळलं, आता हे ऐकत नाहीत.

"काका, एक बटण दाबते, तो जाईल," मी म्हटलं.

"हाकलून काय फायदा? फरारीला धरायचा असतो. कोन हाय, कुठला हाय, माझ्या घरात कामून बसला हाय, हे नको कळायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आरोळी, "पोरी, अजून एक बिननावाचा आला!" तिसऱ्या दिवशी आणखी एक वेगळाच. म्हटलं, झालं, टोळीच आहे ही. माझी तर झोप उडाली. आणि मग लक्षात आलं, अहो, ते माझंच लेकरू! कंपनीनं लॅपटॉपला अशी सोय करून दिलेली की तो रोज नवी ओळख घेऊन नेटवर्कमध्ये शिरतो, कुणाला माग लागू नये म्हणून. हे ऐकून काकांनी लॅपटॉपकडं बोट रोखलं. "रोज नाव बदलून येतो? अन् तू त्याला घरात ठेवती?" मी घरच्या नेटवर्कपुरती ती सोय बंद केली, लॅपटॉपला कायमचं एक नाव दिलं. काकांनी शेखभाईंना जिलबी आणायला धाडलं. जिलबी खाऊन हात धुतले, यादी पुन्हा उघडली. पहिला फरारी आपल्या जागेवर तस्साच बसलेला.

त्याला धरायला काकांनी घरातली एकेक वस्तू बंद करून बघितली. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, देव्हाऱ्यातली दिव्यांची माळसुद्धा. शेवटी मेन स्विच पाडला. पंखे थांबले, गल्लीतून कुणीतरी "लाईट गेली का?" विचारलं. इन्व्हर्टरवर राउटर तेवढा चालू आणि ओसरीतला तो टकल्या बल्ब. यादी बघितली तर फरारी हजर! "भूत हाय," शेखभाई म्हणाले. काका म्हणाले, भुताला पण नाव असतं. आम्ही तिघं ओसरीत, त्याच बल्बाखाली उभं राहून डोकं खाजवत होतो.

हे सगळं कितीही मजेचं असलं तरी तपासणी उद्यावर आली होती आणि खरी गोष्ट राहिलीच होती. पासवर्ड. काका तो बदलू देत नव्हते. रोज विषय काढायची, रोज टाळायचे. "आधी फरारी, मंग पासवर्ड." त्या दुपारी माझा तोल गेला. "काका, पुरे झालं! लग्नाची तारीख सगळ्या गल्लीला पाठ आहे. दाराला कुलूप लावून किल्ली फाटकाला टांगल्यासारखं झालं हे! उद्या मी नापास झाले तर तुमचा फरारी नाही जाणार पुण्याला, मी जाणार! परत शनिवार-रविवारची एसटी!"

"तारीख तिनं ठेवलेली हाय," काका एवढंच म्हणाले.

"तिनं ठेवलेली तुमच्या मनात राहू द्या ना. देवघरातल्या डब्यात कशाला पाहिजे?"

बोलून गेले आणि वर येऊन बॅग काढली. खरंच काढली. हे शाळेतून आले, बॅग बघितली, चहा ठेवायला गेले. तो चहा मला गोडच लागला नाही.

सकाळी दारावर टकटक झाली. काका आमच्या दारात कधी येत नसत; तेच खाली पुकारायचे, आपण जायचं. आज स्वतः जिना चढून आले होते. "पोरी हाजिर है का?" हळूच म्हणाले. मी म्हटलं, हाजिर. "चल. बदलून टाकू."

मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. म्हटलं, नवा पासवर्ड तुमच्याच हातानं टाका, लांबलचक टाका, कुणाला ओळखू येणार नाही असा. काकांनी बाह्या सावरल्या आणि एकेक अक्षर दाबता दाबता, सवयीनं, कोर्टाच्या आवाजात मोठ्यानं वाचायला लागले! खिडकी सताड उघडी. समोर शेखभाई गोळ्यांची पाकिटं मांडता मांडता तीच अक्षरं मागून म्हणतायत. "काकाऽऽ!" मी किंचाळले. "काय झालं? वाचून दाखवल्याबिगर हुकूम लागू होतो का कुठं?" आता ह्या माणसाला काय म्हणावं! शेवटी मी त्यांना तांब्या दिला, तोंडात पाणी धरायला लावलं, आणि गाल फुगवून बसलेल्या नाझर साहेबांनी दुसरा पासवर्ड टाकला. पाणी गिळल्यावर म्हणाले, "असा मुका हुकूम मी जन्मात काढला न्हाई."

पासवर्ड बदलला तसं सगळंच नेटवर्कमधून बाहेर पडलं. आमचे मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप पुन्हा जोडून घेतले. फरारी यादीत नव्हता. मी टाळी वाजवली. काका मात्र हिरमुसले. "पळाला. हाती न लागता पळाला." तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. नाव बघून त्यांनी तो पालथा ठेवला. वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मी म्हटलं, घ्या की. "तपासणी हाय आपली," म्हणाले, आणि मोबाईलवर पेपर ठेवला.

पुण्याच्या मॅडम ठरल्या वेळी स्क्रीनवर आल्या. तरुण, चष्मेवाल्या, कडक. खाली राउटरजवळच बसले होते मी, शेजारी काका सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून. "फायरवॉल?" दाखवली. "राउटरचा पासवर्ड?" बदललेला. "जोडलेली यंत्रं?" सगळी ओळखीची. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं, आता फक्त व्हीपीएन जोडून दाखवायचं—

आणि फाटक धाडकन उघडलं. पुकारा नाही, हाजिर नाही, सगळी गल्ली आत! पुढं शेखभाई, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. मागं दूधवाला, इस्त्रीवाले, कुणीतरी बाज उचलून आणलेली, बाहेर रिक्षा घर्र घर्र करत उभी. "नाझर साब! नाझर साब!" म्हणत शेखभाई मधल्या खोलीत घुसले आणि काकांना बघून जागच्या जागी थबकले. "अरे साब! तुम तो बैठे है!"

"मंग काय नाचू?" काका गरजले. "पुकारल्याबिगर आत आलेच कसे?"

"अरे, संदीपका फोन आया! रोने लगा वो! बोला, अब्बा दिख नै रहे, फोन नै उठा रहे, जल्दी जाके देखो."

"दिख नै रहे म्हंजे?" काकांनी विचारलं. "त्याला मी बेंगळुरूत कसा दिसणार?"

शेखभाईंनी कानाचा मोबाईल स्पीकरवर टाकला. पलीकडून संदीपचा आवाज, धाप लागल्यासारखा. "बाबा बरे आहेत ना? कॅमेरा सकाळपासून बंद पडलाय. ओसरीतला बल्ब, त्यात कॅमेरा आहे. मला रोज बाबांची खुर्ची दिसते, आज काहीच दिसत नाही."

आम्ही सगळ्यांनी एकदम ओसरीकडं वळून बघितलं. टकल्या बल्ब मान वाकडी करून लोंबत होता. फरारी!

पहिल्यांदा माझंच डोकं भडकलं. "अरे बाबा, त्या बल्बाखालून मी ये-जा करते! न सांगता कॅमेरा लावतोस?" तो म्हणाला, "ताई, शपथ, फक्त खुर्ची दिसते. बाबांची खुर्ची आणि पेपर. फोन घेत नाहीत ते, मग कळणार कसं मला?" पुढं मी त्याच्या मोबाईलवरून चित्र मागवून खात्री करून घेतली, खरंच तेवढंच दिसत होतं. पण तेव्हा मी आणखी दोन शब्द सुनावलेच. शेखभाईंनी मोबाईल काकांपुढं केला तर त्यांनी हात मागं घेतला. "फोनवर हजेरी चालत न्हाई," म्हणाले.

"मॅडम," स्क्रीनवरून पुणं बोललं. मी तर विसरलेच होते! माझ्या मागं गल्ली, बाज, रिक्षा, सगळं त्यांना दिसत होतं. "तो कॅमेरा तुम्ही परत जोडणार असाल, तर ऑफिसचा लॅपटॉप आणि तो एका नेटवर्कवर चालणार नाही. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं. कॅमेरा तिकडं टाका. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातलं काही दिसत नाही, तोडलेलं असतं ते."

मी मान डोलवून पाहुण्यांचं नेटवर्क चालू करायला लागले, तोच काकांचा हात माझ्या हातावर आला. "त्याला न्हाई टाकायचं पाहुण्यात," ते म्हणाले. "पोरगा हाय तो माझा. ह्याच घरातला हाय." मग माझ्याकडं बघितलं. "तू जा तिकडं. तू भाडेकरू हाय."

पण मॅडम हसल्या. "चालेल की! उलट बरंच. ऑफिसचा लॅपटॉप एकटा, वेगळ्या नेटवर्कवर." मी लॅपटॉप पाहुण्यांत नेला, व्हीपीएन जोडलं, हिरवी खूण आली. "पास," मॅडम म्हणाल्या. मी ओरडले, गल्ली ओरडली, शेखभाईंनी आनंदात माझाच रक्तदाब मोजला. ह्यांना शाळेत फोन करून सांगितलं, तर वर्गातल्या पोरांनी पण टाळ्या वाजवल्या म्हणे, कशाच्या ते त्यांना माहीत नसताना.

गडबडीत मॅडमचा कॉल बंद करायचा राहिला. संदीपला नवा पासवर्ड कळवला, त्यानं ठिपक्या-ठिपक्यांचं एक चौकोनी चित्र माझ्या मोबाईलवर धाडलं. मी ओसरीत स्टुलावर चढून ते बल्बासमोर धरलं, ते वाचून बल्ब परत नेटवर्कला जोडला जातो म्हणे. खाली काका, मागं सगळी गल्ली. बल्बातून टुकटुक असा आवाज झाला. संदीपशी बोलून फोन ठेवत शेखभाई म्हणाले, "साब, इसमें बात भी होती. तुम बोलो, वो सुनता."

काकांनी सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या. खुर्चीच्या बाजूला उभे राहिले, दारात उभं राहायचे तसे. "संदीप हाजिर हैऽऽ?" बल्ब गप्प. "संदीप हाजिर हैऽऽ?" आवाज फुटला, पण थांबले नाहीत. मी स्टुलावर मोबाईल धरून उभी, मला खालचं काही नीट दिसेना, डोळे भरून आलेले. तिसरा पुकारा केला तेव्हा त्यांची मान पूर्ण वर, त्या टकल्याकडं. "संदीप... हाजिर है का रे?"

बल्ब खरखरला. "हाजिर, बाबा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उशीर कामून झाला?"

"तुम्ही पुकारलंच नाही, बाबा."

आतून लॅपटॉपमधून पुण्याच्या मॅडमनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. काकांनी चाचपडत खुर्चीची कड धरली आणि हळूच खाली बसले.

"हजेरी लागली," ते म्हणाले.